चाळणीचा चंद्र

चौलच्या खाडीकाठच्या वाडीत नामा नावाचा एक शिडं शिवणारा माणूस होता. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपण उभारलेला रंगमंच एकदा, फक्त एकदा, समोर बसून बघायचा. आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? बसायचं की समोर, कोण अडवतंय! अहो, तीच तर गंमत आहे. त्याला अडवणारा तो स्वतःच होता.

सत्तेचाळीस साली स्वातंत्र्य आलं ते भर पावसात. होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली ओढून ठेवलेल्या, नारळी पौर्णिमेला अजून अवकाश, आणि वाडीभरची शिडं दुरुस्तीसाठी नामाच्या पडवीत येऊन पडलेली. नामा आणि त्याची बायको गोदू दोघं समोरासमोर बसून दाभण चालवत होती, तेवढ्यात मुंबईहून अनंता येऊन टपकला. अनंता गिरणीत कामाला होता. केसांचा कोंबडा काढायचा, तोंडाने बाजाची पेटी वाजवायचा आणि बोलायला लागला की समोरच्याला जांभई द्यायचीसुद्धा सवड मिळत नसे. परळला त्याने ‘व्हरायटी’ नावाचा प्रकार पाहिला होता. एक गाणं, मग नक्कल, मग थोडी जादू, मग नाच, मग फार्स, असं सगळं एकाच कार्यक्रमात. देश स्वतंत्र होतोय म्हटल्यावर आपल्या वाडीत व्हरायटी झालीच पाहिजे, हे त्याने वाटेतच ठरवून टाकलं होतं.

“नामा, मागं पडदा पायजे. राजाची बाग.”

“मी शिडं शिवतो रे बाबा.”

“मंग? कापडच हाय ना?”

नामाने दाभण खाली ठेवला, आणि तिथेच त्याचा धंदा बदलला.

त्याने गेरू, चुना, नीळ आणि हळद घेतली. पण पावसाळी हवा, रंग काही सुकेना, झाडांचा हिरवा ओघळून राजवाड्यात शिरायला लागला. तेव्हा नामाने आपल्या अनुभवाप्रमाणे अक्कल चालवली. होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून माशाचं तेल लावतात, तेच त्याने रंगात कालवलं. रंग कापडाला असा चिकटला की बोलायची सोय नाही. बाग झाली, कारंजं झालं, दोन मोर झाले. आणि हे सगळं झालं ते पडवीतल्या सगळ्यात मोठ्या शिडावर, म्हणजे बाबाजी तांडेलांच्या शिडावर. बाबाजी वाडीतले सगळ्यात जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, शीघ्रकोपी, आणि कोणी न विचारता त्यांच्या होडीची वल्ही हलवली तरी आठवडाभर अबोला धरणारे. नामा मनात म्हणाला, कार्यक्रम झाला की धुऊन टाकू, कोणाला कळतंय!

देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम झाला. पडदा वर गेला आणि राजाच्या बागेतून ताज्या बांगड्याचा घमघमाट सुटला. वाडीतली यच्चयावत मांजरं धावत आली. अनंता राजा होऊन मिशीला पीळ देत बागेत फिरतोय आणि चार मांजरं कारंजं चाटतायत! लोक हसून हसून आडवे झाले. तो प्रवेश दुःखाचा होता म्हणे.

नामाने यातलं काही पाहिलं नाही, कारण तो पडद्यामागे दोर धरून उभा होता. पडदा वर न्यायचा दोर, चंद्र वर चढवायचा दोर, सगळं त्याच्या हातात. चंद्र म्हणजे काय, तर गोदूची भाताची मोठी गोल चाळण. तिच्यावर तेल पाजलेला कागद लावला, मागे कंदील टांगला, आणि कप्पीवरून ती हळूहळू वर चढवायची. होडीवरची एक रीत आहे. शिडाचा दोर ज्याने हातात घेतला, त्याने होडी किनाऱ्याला लागेपर्यंत तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. मग हाताला फोड येवो नाहीतर पाठीला खाज सुटो. नामाने तीच रीत रंगमंचाला लावली. कार्यक्रमाआधी बाबाजींच्या हातून विडा घ्यायचा, दोर हातात घ्यायचा, आणि शेवटची आरती होईपर्यंत जागा सोडायची नाही. त्यामुळे झालं काय, की रंगमंच उभा करणारा तो, आणि रंगमंच कसा दिसतो हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, फक्त त्याला नाही. त्याला दिसायचं ते पडद्याचं मागचं मळकट कापड, टाके आणि काजळी धरलेला कंदील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी तोंड पाडून बसला होता. गोदूने कोऱ्या चहाचा पेला पुढे केला.

“कसं दिसलं गो?” नामाने विचारलं.

“काय सांगू तुमाला!” गोदूने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि पदर खोचून बसली. “बाग अशी की वाटे आत जाऊन दोन फुलं खुडावी. आनि चंद्र? मोराच्या डोईवरून असा सरसर वर आला, मधे कुठं थांबला न्हाय की हलला न्हाय. माझ्या बाजूच्या बायांनी हात जोडले.”

नामाने तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण मग चहाच प्यायला.

शीड काही धुतलं गेलं नाही. धुवायला गेला तर मोर आणखी चकाकायला लागले. नारळी पौर्णिमेनंतर बाबाजींची होडी समुद्रात निघाली ती शिडावर राजवाडा, कारंजं आणि दोन मोर मिरवत. रेवदंड्याच्या होड्यांवरची माणसं टाळ्या पिटत होती. बाबाजी नामाच्या नावाने असे ओरडत होते की किनाऱ्यावर ऐकू येत होतं. पण झालं असं, की संध्याकाळी होड्या परतायला लागल्या की मासे घ्यायला आलेल्या बायांना बाबाजींची होडी सगळ्यांत आधी ओळखू यायची. “आली गो मोराची होडी!” करत त्या तिकडेच धावायच्या. चार दिवसांत बाबाजींचा राग विरघळला. पुढे ते शीड जुनं झालं तेव्हा ते पडद्यासाठी नामाच्या हवाली करत त्यांनीच दम दिला, “नव्यावर पन मोर काढ. आनि तेल कमी करू नको.”

पुढच्या वर्षापासून व्हरायटी मार्गशीर्षात, दत्ताच्या जत्रेच्या सुमाराला होऊ लागली. भाताची झोडणी उरकलेली, खळं शेणाने सारवून लख्ख केलेलं, आणि एका बाजूला पेंढ्याची उडवी. दिवेलागणीला लोक जमायचे. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, आणि गोदूची जागा ठरलेली, उडवीला पाठ टेकून. ती जागा दुसऱ्या कोणी घेतली तर गोदू नुसती उभी राहायची आणि बघायची. घेणारी आपोआप उठायची.

आणि सकाळी चुलीपाशी नामाचा तोच प्रश्न. “कसं दिसलं गो?”

गोदूचं सांगणं म्हणजे दुसरी व्हरायटीच. एके वर्षी नामाने मागे नुसता निळा समुद्र रंगवला. गोदू म्हणाली, “लाटा काय हलत होत्या! मला तर गरगरायला लागलं.” आता लाटा कशाने हलणार? फार तर वाऱ्याने कापड फुगलं असेल. पण नामाच्या डोक्यात किडा शिरला. पुढच्या वर्षी त्याने बांबूवर निळं कापड गुंडाळून, एकामागे एक तीन लाटा अशा बसवल्या की दोर ओढला की एक वर आणि दुसरी खाली. पुढच्या रांगेतल्या लोकांनी पाय पोटाशी घेतले. नागावची, आक्षीची माणसं फक्त लाटा बघायला बैलगाड्या जुंपून आली.

मग अनंताला मुंबई पाहिजे झाली. नामाने तेलाचे डबे एकावर एक रचले, त्यांना खिडक्या कापल्या, आत पणत्या ठेवल्या, आणि खळ्यात मुंबई उभी राहिली. दुसऱ्या सकाळी गोदू म्हणाली, “ती वरच्या खिडकीत बाई केस विंचरत होती, ती कशी केली तुमी?”

नामाने कोणतीही बाई केली नव्हती. त्याने वर्षभर विचार केला. शेवटी कागदाची बाई कापली, तिच्या हाताला दोरा बांधला, आणि पुढच्या मार्गशीर्षात मुंबईच्या वरच्या खिडकीत एक बाई खरंच केस विंचरायला लागली. काय शिट्ट्या, काय टाळ्या! अनंताची नक्कल कोणी ऐकलीच नाही. अनंता फुगून बसला, दोन दिवस नामाशी बोलला नाही. पण परत जाताना म्हणाला, “तुझी ती बाई मला बी आवडली, मेल्या.”

असं दरवर्षी. गोदू बघायची ते नामा पुढच्या वर्षी करायचा. धबधबा, विमान, पाऊस पडताना उघडणारी छत्री. आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायला लागली, आणि नामा शिडवाला म्हणायचे ते लोक नामा पडदेवाला म्हणायला लागले. एकदा तर अनंताने सगळा पसारा रेवसहून लाँचमध्ये घालून भाऊच्या धक्क्याला उतरवला आणि गणपतीत लालबागला कार्यक्रम केला. लाँचवर नामा मुंबईच्या डब्यांना मिठी मारून बसला होता. खलाशी म्हणाला, “आजोबा, मुंबई न्यायची कशाला? तिकडं हाय की.” लालबागचे लोक मात्र खुळावले. एका नाटक कंपनीचा मालक आत आला आणि नामाला म्हणाला, इथेच राहा, खोली देतो, काम देतो, तुमच्यासारखा कारागीर आम्हाला पाहिजे.

नामा दुसऱ्याच दिवशी लाँचने परत आला. अनंता डोक्याला हात लावून बसला. “अरे, सोन्यासारखी संधी! का आलास?”

“गोदू तिकडं नव्हती,” नामा म्हणाला. “कसं दिसलं ते सांगनार कोन?”

अनंताने डोक्यावरचा हात काढून नामाच्या पाठीवर ठेवला.

पण म्हणून नामाची इच्छा मेली होती असं नाही हं. उलट दर वर्षी ती जास्तच सतावायची. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा त्याचा जीव पडद्याच्या फटीत अडकायचा. त्याला वाटायचं, एकदा तरी! पण दोर कसा सोडणार? आणि दुसऱ्याच्या हाती देण्याची रीत नाही.

असं करत करत साठच्या दशकाची मधली वर्षं उजाडली. वाडीत विजेचे खांब आले. शाळेची नवी इमारत झाली आणि तिला पक्कं स्टेज. अनंता आता डोक्याने उजाड झाला होता, कोंबडा केव्हाच उडाला होता, पण उत्साह तसाच. तो म्हणाला, “पुढच्या वर्षीपासून शाळेत. मुंबईहून तयार पडदे आणतो. बटन दाबलं की वर, बटन दाबलं की खाली. आपल्या खळ्यातली ही शेवटची व्हरायटी.”

सगळ्यांना आनंद झाला. नामालाही झाला, खोटं कशाला बोला, पाठ दुखायची त्याची. पण घरी येऊन तो पडवीत बसला तो जेवायलाही उठेना.

“काय झालं?” गोदूने विचारलं.

“ह्या वर्षी न्हाय तर कवाच न्हाय.”

गोदूला पुढचं सांगायला लागलं नाही. विडा आणि दोर सुरुवातीपासूनच दुसऱ्याने घेतला तर रीत मोडत नव्हती. तिने तालमीत पोरांच्या हाती दोर देऊन बघितला. पहिल्याने समुद्र उलटा वर केला, दुसऱ्याने चंद्र थेट अनंताच्या टकलावर आदळला. अनंता बोंबलला, “मला मारायचा इचार हाय काय?” तेव्हा गोदू उठली, हात पुसले आणि म्हणाली, “मी धरते दोर.”

झालं! बाबाजी तांडेल आता ऐंशीच्या घरात, काठी टेकत आले. विडा द्यायचा मान त्यांचाच. “बाईच्या हाती शिडाचा दोर? आजवर असं झालं न्हाय. होडीवर बाईमानूस—”

“बाबाजीतात्या,” गोदू म्हणाली, “तुमच्या शिडाला टाके कोनी घातले? अर्धे ह्यांनी, अर्धे मी. इतकी वर्सं माझ्या टाक्यांवर समुद्रात गेला, बुडला का?”

“तसं न्हाय गो, पन होडीची रीत...”

“होडी हाय कुठं? हे खळं हाय. खळ्यात बाई भात झोडते, पाखडते, सारवते. आनि ती चाळन कोनाची? माझी. माझी चाळन मी वर चढवीन न्हायतर खाली उतरवीन.”

बाबाजींनी काठी जमिनीवर आपटली. मग अनंताकडे वळून म्हणाले, “आन रे तो विडा. हिच्याशी बोलायचं म्हंजे उलट्या वाऱ्यात वल्हवायचं.”

म्हणून त्या संध्याकाळी नामा धुतलेलं धोतर नेसून, कोट घालून, खळ्यात येऊन बसला. पुरुषांकडे नाही, तर उजवीकडे, बायकांत, उडवीला पाठ टेकून, गोदूच्या जागेवर. बायांनी त्याला काही सोडलं नाही. “आज गोदूवहिनी धोतर नेसून आल्या गो!” “वहिनी, मिशा छान दिसतात हं!” नामा लाजून लाल झाला, पण हलला नाही.

पडदा वर गेला.

अहो, काय सांगू! त्या माणसाने स्वतःच्या हाताने रंगवलेला समुद्र, स्वतः कापलेले डबे, खिळा न् खिळा ठाऊक, आणि तरी त्याचं तोंड उघडं ते उघडंच. लाटा हलत होत्या. मुंबईच्या खिडक्या लुकलुकत होत्या. टांगलेल्या बागेत राजवाडा दुरून जरा कललेला दिसत होता, आणि डाव्या मोराचे पाय बदकासारखे दिसत होते, हे इतक्या वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नामा हसला. शेजारच्या बाईचा हात धरून म्हणाला, “तो मोर बघ, मोर!” ती म्हणाली, “आमी कवापासून बघतोय, भावजी.” त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायचं भानही त्याला नव्हतं.

मग चंद्राचं गाणं आलं. अनंता आकाशाकडे हात करून गायला लागला. चंद्र लाटेमागून निघाला, मुंबईच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आला, आणि अडकला. डुगडुगला, हातभर खाली आला, पुन्हा अडकला. अनंता रिकाम्या आभाळाकडे बघून प्रेमाने गातोय आणि चंद्र बिचारा खिडकीत लटकलेला. लोक हसायला लागले. नामाचे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि हवेतच दोर ओढायला लागले. डावीकडे सरकवून झटका दे, झटका दे! कप्पीची खोड त्याला ठाऊक होती. धावत आत जावं म्हणून तो अर्धा उठलाही. पण दोर आज त्याचा नव्हता. हातातला दोर कोणी काढून घ्यायचा नसतो, ही रीत त्यानेच तर इथे आणली होती. तो परत खाली बसला, मुठी आवळून. तेवढ्यात आत कोणीतरी सणसणीत झटका दिला आणि चंद्र उसळून थेट वरच्या बांबूला धडकला, आणि तिथून डोलत डोलत आपल्या जागी येऊन थांबला. खळं टाळ्यांनी दणाणलं. सगळ्यांत जोरात नामा वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी जागा बदलल्या होत्या. चहा नामाने केला होता, जरा जास्तच गोड. गोदू तळहाताला खोबरेल लावत बसली होती, दोराने हात सोलवटले होते.

“कसं दिसलं?” तिने विचारलं.

नामाने पेला पुढे सरकवला, खाकरला आणि सुरुवात केली. “काय सांगू तुला गो! समुद्र असा की अंगावर तुषार आले. आनि चंद्र? लाटेमागून असा सरसर वर आला, मधे कुठं थांबला न्हाय की हलला न्हाय—”

“खोटं बोलताय!” गोदू ताडकन म्हणाली. “दुसऱ्या मजल्याला अडकला होता. दोर माझ्या हातात होता, मला कळत न्हाय व्हय?”

बोलली आणि थांबली. तेल लावता लावता तिचा हात तिथेच राहिला. तिने तळहाताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तळहाताकडे. तिथे दोराने पाडलेल्या घट्ट्यांच्या रेघा इतक्या वर्षांच्या होत्या.

“म्हंजे...” ती हळूच म्हणाली. “पयल्या वर्षी... बागेतला चंद्र...”

“मोराच्या डोईला अडकला होता,” नामा म्हणाला. “शेवटपर्यंत वर गेलाच न्हाय.”

“आनि दर वर्षी मी सांगायची...”

“दर वर्षी.”

“सगळं ठाऊक होतं तुमाला? मंग मला एका शब्दाने बोलला न्हाय ते?”

नामा चहाच्या पेल्यात बघून हसला. “बोललो असतो तर तू सांगायची थांबली असतीस.”

गोदूने पदर डोळ्यांना लावला, मग त्याच पदराने नाक पुसलं, मग त्याला कोपराने अशी ढुसणी दिली की अर्धा चहा राखेत सांडला. बाहेर अनंता खळ्यात डबे आवरताना मोठमोठ्याने कालचंच गाणं म्हणत होता. गोदू पाय दुमडून नीट सरसावून बसली.

“आता पुढचं सांगा,” ती म्हणाली. “खिडकीतली बाई विंचरत होती का केस?”

“विंचरत होती तर! आनि मधेच थांबून तिनं खाली वाकून बघितलं.”

“कोनाला?”

“उडवीपाशी आज तू का न्हाय म्हणून बघत होती.”

“व्हय?” गोदू म्हणाली, आणि कागदाच्या त्या बाईला वाकवायला दोराच नव्हता, हे चांगलं ठाऊक असूनही तिने विचारलं, “मंग तुमी काय सांगितलं तिला?”